काळ्या पट्ट्यांखालचं नाव

८ एप्रिल

आला एकदाचा लिफाफा! जेवणाच्या डब्यांचं दुकान बंद केलं, हात धुतले, मग उघडला. वरच्या पत्रात लिहिलंय – 'अर्ज अंशतः मान्य.' क्षणभर आनंद झाला. वेडी मी! आत दोन पानं, आणि दोन्ही वरपासून खालपर्यंत काळी. मागितलं होतं काय? पूर आला त्या रात्री अग्निशमनच्या वायरलेसवर कोण कुणाला काय म्हणालं, तेवढंच. वेळा सोडल्यात, बाकी सगळ्यावर काळे पट्टे. हां, एका ओळीत यांचं नाव तेवढं ठेवलंय – मियावाकी तेत्सुओ. माझ्याच नवऱ्याचं नाव मला दान केलं नगरपालिकेनं!

दुकानात मदतीला असते ती तोमिए आजी डबे पुसत होती. पानं हातात घेऊन म्हणाली, "अगो, हा तर आपला शेवाळाचा डबा! भातावर काळं शेवाळ अंथरतो ना आपण, तस्सं केलंय बघ. फक्त आपण खाली भात घालतो."

हसले खूप. मग तिथंच कट्ट्याला टेकून रडले.

९ एप्रिल

आज शांतपणे कारण वाचलं. 'नोंदीत एका विशिष्ट व्यक्तीची खासगी माहिती आहे. सदर व्यक्तीने माहिती देण्यास लेखी हरकत घेतली आहे.'

हरकत! म्हणजे कुणीतरी नगरपालिकेला लिहून दिलं, की या बाईला कळू देऊ नका. नाव अर्थातच दिलेलं नाही. पण मला काय नाव सांगायला हवंय?

त्या रात्री नदी बंधाऱ्यावरून वाहायला लागली तेव्हा यांच्या अग्निशमन पथकाला माघारी बोलावलं होतं. सगळे परतले, पथकाची गाडी टेकडीच्या पायथ्याशी उभी होती. मग हे एकटेच खालच्या आळीत कसे सापडले? सरकारी उत्तर – 'पाहणी करताना पुरात वाहून गेले.' काळोखात, गळ्याएवढ्या पाण्यात, एकटा माणूस पाहणी करतो? कुणाला शिकवतात हे! कुणीतरी पाठवलं यांना. आणि खालच्या आळीत सायकलींचं गोदाम कुणाचं? ओनोदेराचं. पथकाचा प्रमुख कोण? ओनोदेरा. यांना 'जा' म्हणू शकेल असा गावात एकच माणूस, तोही ओनोदेरा.

१२ एप्रिल

हे गेले ती बारा तारीख; दर महिन्याच्या बाराला येतो तसा ओनोदेरा आजही आला. फोटोसमोर उदबत्ती लावली, कपाळ चटईला टेकवलं, आणि उठेचना. "माफ कर, तेत्सुओ," म्हणाला.

सख्खा दीर माझा, तो सात महिन्यांत दोनदा आला. हा परका माणूस एकही बारा तारीख चुकवत नाही. का? चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! चहा दिला आणि सरळ विचारलं, "गोदाम बघायला पाठवलंत ना यांना?"

पेला खाली ठेवला त्यानं. "नाही, वहिनी."

"मग कुणी पाठवलं?"

तो उंबऱ्याकडे बघत बसला. मी म्हटलं, "हरकत कुणी घेतली तेही सांगू नका. आणि पुढच्या महिन्यापासून येऊ नका." तो वाकून नमस्कार करून उठला. आणि आमची चिहारू! आतून धावत आली ती त्याला दारापर्यंत सोडायला. पोटची पोर, बापाचा फोटो समोर, आणि जाते कुणामागे!

२० एप्रिल

नगरपालिकेत गेले. माहितीच्या खिडकीवर हिरानो नावाची मुलगी आहे, बोलायला गोड. तिनं सांगितलं, फेरतपासणी मागता येते. त्यासाठी मंडळ असतं, कायद्याचे प्राध्यापक, वकील वगैरे. त्यांच्यापुढे नोंदीची मूळ पानं ठेवतात, पट्टे न मारलेली. मंडळ स्वतंत्र असतं.

"नेमतं कोण मंडळ?"

"महापौर."

"मानधन?"

"नगरपालिका देते."

"मग स्वतंत्र कुणापासून? माझ्यापासून?"

तोंडावर हात धरून हसली बिचारी. मग हळूच म्हणाली, "पण मियावाकीबाई, मागच्या वर्षी मंडळानं आम्हालाच हरवलं होतं." ते ऐकून अर्ज भरला. सहीऐवजी नावाचा शिक्का उमटवला, पहिला पुसट आला म्हणून पुन्हा उमटवला.

निघताना ती खिडकीतून वाकली. "एक सुचवू? एकदा घरी बोलून बघा... घरच्या माणसांशी."

वा! म्हणजे घरच्यांनी मला समजावून गप्प बसवायचं! ही मुलगीही त्यांच्यातलीच. सगळे एका माळेचे मणी.

२१ एप्रिल

चिहारूला अर्जाचं सांगितलं. भात तसाच टाकून उठली. "आई, सोड ना आता. बाबा परत येणार आहेत का?"

नाही येणार. ते मला माहीत नाही असं वाटतं का हिला?

१४ मे

मंडळाकडून अजून काही नाही. मागच्या दारानं मिटवलं असेल.

२ जून

मिटवलेलं नाही. आज नगरपालिकेचं 'स्पष्टीकरण' आलं, मंडळाला पाठवलेल्याची प्रत. 'नोंद उघड झाल्यास सदर व्यक्तीच्या जीवनातील शांततेस गंभीर बाधा पोचेल.'

कुणाची शांतता? माझी सप्टेंबरपासून गेलीय, तिचं कुणाला काही नाही! मला उत्तर लिहायला मुदत दिलीय. तोमिए आजीला वाचून दाखवत दाखवत लिहिलं. शेवटी मी लिहिलं होतं, 'असल्या माणसाला शांत झोप लागत असेल तर ती मोडलीच पाहिजे.' आजी म्हणाली, "ते खोड. प्राध्यापक मंडळींना असलं चालत नाही." मी नाही खोडलं.

१२ जून

गेल्या महिन्यासारखा आजही ओनोदेरा आला नाही. मीच सांगितलं होतं येऊ नका म्हणून. तरी संध्याकाळपर्यंत दोनदा दाराकडे बघितलं. फोटोपुढे आज एकच उदबत्ती, माझी.

९ जुलै

कुठंतरी पाणी मुरतंय.

तोमिए आजी मासळी आणायला गेली होती. बंधाऱ्यावर ओनोदेराची गाडी उभी, आत तो आणि चिहारू. चिहारू डोळे पुसत होती म्हणे. तो काहीतरी समजावत होता.

हिला फितवतोय तो! मला वळवता येत नाही म्हणून पोरीला धरलंय. रात्री जेवताना सहज विचारावं तसं विचारलं, "आज दवाखान्यातून उशिरा सुटलीस?" – दातांच्या डॉक्टरकडे कामाला आहे ती. म्हणाली, "हो ना, गर्दी होती."

खोटं! तोंडावर खोटं! लहानपणी खोटं बोलली की कान लाल व्हायचे हिचे. आज झाले नाहीत. सवय झाली असणार.

१० जुलै

झोपच नाही. ही असली पोर नव्हती. पुराच्या आदल्या संध्याकाळी टेकडीवर मैत्रिणीकडे, शिओरीकडे जाते म्हणाली तेव्हा मीच आग्रह केला होता – जा बाई, तिथं पाणी चढत नाही. यांचं तिला कळलं ते शिओरीकडून परत आल्यावर. तेव्हा दारातच बसली, चपलाही काढल्या नाहीत. तीन दिवस बोलली नाही. मला वाटलं, दुःख. आता काय काय वाटायला लागलंय, लिहायची लाज वाटते. ओनोदेरानं हिला काही दिलं असेल का? नोकरी लावतो, शहरात घर बघून देतो...

छे. माझी पोर आहे ती.

पण मग रडत का होती?

१४ ऑगस्ट

यांचं पहिलं ओबोन, पितर घरी येतात तो सण. पांढरा कंदील टांगला, काकडीला काड्यांचे पाय लावून घोडा केला, म्हणजे हे त्यावर बसून लवकर घरी येतील. सगळी गल्ली येऊन गेली. तिसऱ्या प्रहरी ओनोदेरा आला. काळा सूट, हातात कलिंगड. सगळ्यांसमोर मी दार ओढून घेतलं.

बाहेर कुणीतरी "अरेरे" म्हणालं. फटीतून बघितलं, तर हा कलिंगड पायरीवर ठेवून, भर उन्हात, बंद दाराला वाकून उभा. किती वेळ! नाटकी कुठला.

चिहारूनं ओरडून घर डोक्यावर घेतलं. "तुला काय माहितीये त्यांचं? काहीही माहीत नाही तुला!"

"मग तू सांग!" मी म्हटलं. "तुला माहीत आहे ना? सांग!"

तिनं फोटोकडे बघितलं आणि वर निघून गेली. मी मागोमाग जिना चढले. दाराशी उभी राहिले. मग खाली आले.

१२ सप्टेंबर

वर्ष झालं. भिक्षू मंत्र म्हणून गेले. आम्ही दोघी दोन बाजूंना बसलो होतो, मध्ये फोटो. एकाच घरात राहून मी पोरीवर नजर ठेवते, हे यांना आवडलं नसतं. पण हे गेले म्हणूनच तर ठेवावी लागते.

२५ ऑक्टोबर

मंडळानं बोलावलं! प्रत्यक्ष म्हणणं मांडता येईल, १४ नोव्हेंबरला, नगरपालिकेत तिसऱ्या मजल्यावर. हिरानोनं फोनवर सांगितलं. मग चाचरत म्हणाली, "ज्यांनी हरकत घेतली, त्यांनाही बोलायचंय. त्याच दिवशी, तुमच्यानंतर."

"कोण ते?"

"ते मला सांगता येत नाही."

"मला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे तुम्हाला?" केवढी दचकली! "मियावाकीबाई... अर्ज मागे घ्यायचा असेल तर शेवटच्या दिवशीही घेता येतो."

घेते की! ओनोदेराचं तोंड बघितल्याशिवाय?

१४ नोव्हेंबर, सकाळी

डबे पहाटेच भरले. आजी दुकान बघेल. यांचा फोटो पिशवीत घेतलाय. मंडळापुढे ठेवणार आणि म्हणणार – या माणसाला कुणी पाठवलं, एवढंच सांगा. मी कुणाला तुरुंगात घाला म्हणत नाही, मला पैसे नकोत. माझा माणूस कुणामुळं गेला ते न कळता मला म्हातारं व्हायचं नाही.

चिहारू लवकर निघून गेली. कुठं, सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

आज त्याला गाठतेच.

त्याच दिवशी, संध्याकाळी

माझं बोलून झाल्यावर हिरानो म्हणाली, पलीकडच्या जिन्यानं उतरा. मी उतरले नाही. चहाच्या मशीनमागे बसून राहिले. लिफ्ट उघडली आणि ओनोदेरा दिसला. उठलेच मी! तर त्याच्यामागून चिहारू. मला न बघता ती आत गेली. तो बाहेरच राहिला.

त्यानं मला बघितलं. शेजारी येऊन बसला.

"वहिनी, ती शिओरीकडे नव्हती. खालच्या आळीत, एका मुलाच्या खोलीवर होती. पाणी चढलं तसा तिनं मदतीला फोन केला. तिचं नाव, पत्ता वायरलेसवर आला. गाडीत आम्ही दोघंच होतो, मी आणि तेत्सुओ. मी दोन्ही हातांनी धरलं होतं त्याला. हिसडा मारून सुटला आणि पाण्यात उतरला. तिला त्याआधीच दुसऱ्याच कुणाच्या होडीनं बाहेर काढलं होतं, ते आम्हाला कळलं नाही."

"आणि वर्षभर माझ्या शिव्या खाल्ल्यात?"

"तिला वचन दिलं होतं. म्हणाली, कळलं तर आई माझं तोंड बघणार नाही."

त्याच्याकडे बघायची मला लाज वाटली. दार उघडलं. चिहारू मला बघून भिंतीलाच टेकली. "आई, मी फोन केला नसता तर –"

"तर तू गेली असतीस," मी म्हटलं. "आणि तुझं नाव ऐकून ते गेले नसते, तर मी त्यांना घरात घेतलं नसतं."