समीकरणात नसलेला बंध

६ एप्रिल २००३, रत्नागिरी
कॉलेजच्या कॉम्प्युटरवर काल तेच गणित तिसऱ्या पद्धतीनं केलं. रेणू तोच, कार्बन तोच, त्याच्यावरच्या विद्युतभाराचं उत्तर मात्र तिसरंच. समीकरणात इलेक्ट्रॉन आहेत, केंद्रकं आहेत. कार्बनचा वाटा कुठे संपतो, बंध कुठे सुरू होतो, हे त्यात नाहीच. ते आपण ठरवायचं. आणि तरी बंध धरल्याशिवाय रसायनशास्त्राचं पान हलत नाही! प्रबंधाचं पाचवं प्रकरण, प्र. ५, यावरच. अख्ख्यात माझं म्हणावं असं तेवढंच.

१३ एप्रिल
बागेत काढणी. गडी म्हणाला, तेरा आणे. सासरे म्हणाले, "चौदा झालाय, काढ." आणे चलनातून जाऊन जमाना झाला, आंब्याची तयारी अजून त्यातच. मोजायला काटा नाही. पण चौदा आण्यांचा आंबा आढीत नीट पिकतो, बारा आण्यांचा सुरकुततो. बंधाचंही असंच. हे प्र. ५ मध्ये घालायचंच. सासऱ्यांना सांगितलं तर म्हणाले, "अगो, त्यात लिहिण्यासारखं काय? बघितल्यावर कळतं."
तेच तर लिहायचंय.

२ मे
मुंबई. गाइडसरांनी प्र. ५ वर फुली मारली. "हे तत्त्वज्ञान झालं. आणि आंबे कसले? परीक्षक हसतील. काढा, मग सही करतो." नोंदणी मेअखेर संपते. पीएच.डी. नाही तर डिग्री कॉलेजला कायम नेमणूक नाही. परतीच्या गाडीत रडले. राग सरांचा कमी, स्वतःचा जास्त. मी "बरं सर" म्हणून आले होते.

३ मे
हे म्हणतात, "एक प्रकरण गेलं तर काय बिघडलं? पदवी घे, मग लिही हवं ते." बरोबरच आहे. म्हणून तर जीव गुदमरतो. भांडायचं कुणाशी? सगळे माझ्या भल्याचंच बोलतात.

२६ मे
प्र. ५ वगळून बाइंडिंग. सरांनी सगळ्या प्रतींवर सही केली, पेढे मागितले. दिले.

२३ जून
बारावीचा तास. फळ्यावर एच, बंधाची रेघ, एच. मागच्या बाकावरून एक मुलगी, "मॅडम, ही रेघ आहे तिथं खरंच काय असतं?"
इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. तास संपायला बराच वेळ होता. तोंड उघडलं आणि "परीक्षेत अशीच काढायची" एवढंच बाहेर आलं. तिनं मान खाली घातली, वहीत रेघ काढली.
उद्या पहिला तास त्याच वर्गावर.