उंदीर म्हणे फुंकर घालतो

९ नोव्हेंबर

सकाळी ह्यांच्या पायावरचं पांघरूण काढलं आणि किंचाळलेच! उजव्या अंगठ्याचं टोक कुरतडलेलं. आतलं लाल मांस दिसत होतं. हे मात्र चहाची वाट बघत शांत बसलेले. "काय झालं गं? पाल पडली का?" दुखत नाही म्हणे. अजिबात नाही.

शेजारच्या काकू धावत आल्या. त्यांचं ठरलेलं — "उंदीर फुंकर घालतो आणि मग खातो. माणसाला पत्ताच लागत नाही."

शाळेच्या ऑफिसात फोन करून रजा टाकली. दवाखाना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फुंकर-बिंकर काही नाही, साखरेनं पायांच्या नसा गेल्यात. एक बोथट सुई घेऊन तळव्याला टोचत गेल्या. हे छताकडे बघत म्हणाले, "टोचा की, मी तयार आहे." त्या म्हणाल्या, "काका, टोचून झालं."

ह्यांचा चेहरा पाहवला नाही. एकतीस वर्षं वायरमन होते. खांबावर चढताना पायाच्या बोटांनी पकड घ्यायचे.

"रोज सकाळ-संध्याकाळ पाय बघा, बोटांच्या फटीसुद्धा. आणि घरातले उंदीर आधी घालवा." जणू पाहुणे आहेत, चला निघा म्हटलं की निघतील!

१० नोव्हेंबर

आले कुठून ते कळलं. मागची बेकरी महिन्यापूर्वी पाडली. तिथलं अख्खं खानदान आमच्या तळमजल्यावर राहायला आलंय.

१२ नोव्हेंबर

रविवार. कपाटं, गादी, शेगडी — सगळं पुढे ओढलं. सात भोकं. हे स्टुलावर बसून बॅटरी मारत होते — "तिथे, नळाच्या पाइपाशी. अगं डावीकडे! तुझं डावं." तारेची घासणी कोंबली, वर सिमेंट थापलं. आता जेवढं म्हणून भोक आहे तेवढं बंद.

"डोंगर पोखरून उंदीर काढतात, आपण उंदरापायी घर पोखरलं," हे म्हणाले. हसलो दोघं. बऱ्याच दिवसांनी.

१३ नोव्हेंबर

आठवं भोक.

१७ नोव्हेंबर

पिंजऱ्यात तीन दिवसांत दोन मिळाले. तिसरा खाणं खाऊन गेला, दार पडलंच नाही. चिकट पुठ्ठ्यावर मीच पाय दिला. चप्पल गेली.

ह्यांना रात्रीचे जाड मोजे घालते. आज सकाळी डाव्या मोज्याला भोक. आत करंगळी सुखरूप.

१९ नोव्हेंबर

लेकीचा फोन. "आई, मांजर आणा ना." काकूंचा बोका दोन दिवस मागून आणला. तो ह्यांच्या मांडीवर जो झोपला तो जेवणापुरता उठला! उंदीर त्याच्या देखत ओट्याखालून गेला. दोघांनी एकमेकांना बघितलं, बस.

"मग आमच्याकडे या," लेक म्हणते. तिच्या दोन खोल्यांत पाच माणसं, चौथा मजला, लिफ्ट नाही. तिलाही माहीत आहे, मलाही. म्हणायचं तिनं, नको म्हणायचं मी.

२२ नोव्हेंबर

औषध मारणारा आला. भिंतीवर टकटक करत दोन्ही खोल्या फिरला. "बाई, ही भिंत आतून पोकळ आहे. एक बुजवाल, ते दुसरं पाडतील. सगळ्या बिल्डिंगनं मिळून केलं तरच उपयोग."

वरच्यांकडे गेले. पहिला मजला म्हणाला, आमच्याकडे नाहीत. दुसरा म्हणाला, तुम्ही खरकटं ठेवत असाल. खरकटं! माझ्या घरात! खाली आले आणि घासलेला ओटा पुन्हा घासला.

२४ नोव्हेंबर

मच्छरदाणी कुरतडली. पायाकडच्या बाजूनं. त्यांना बरोबर कळतं, पाय कुठे आहेत ते.

२५ नोव्हेंबर

सुचलं! माळ्यावर ह्यांचे कामावरचे बूट आहेत. कडक कातडं, उंदराच्या बापाला फाडता यायचं नाही. पुसले, आत कापूस घातला, झोपताना घालून नाड्या घट्ट बांधल्या.

"बूट घालून झोपलेलं पाहिलं तर साहेब म्हणेल, आता कुठली लाइन गेली?" असं म्हणत होते. पण खूश होते. बूट घालून बसलेले पूर्वीचेच वाटले मला.

२८ नोव्हेंबर

तीन दिवस एक ओरखडा नाही. अंगठा सुकतोय. इतकी गाढ झोप लागली की सकाळी वेळेवर जागच आली नाही. घाईत शाळेत गेले. दाखल्यांची गर्दी. संध्याकाळी पाय वरवर बघितले.

वरवर.

२ डिसेंबर

कसं लिहू. सकाळी बूट काढला तर वास आला. उजव्या पायाच्या दुसऱ्या बोटाला, खालून, फोड येऊन फुटलेला. काळानिळा. बूट चावत होता. चार-पाच दिवस चावत होता आणि ह्यांना कळायला मार्ग नाही.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "बूट कुणी घातला?" मी म्हटलं, मी.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

५ डिसेंबर

बोट काढलं.

उंदरांनी नाही नेलं. मी नेलं.

६ डिसेंबर

वॉर्डात ह्यांनी हात धरला. "एकच गेलं गं. नऊ आहेत." मग थोड्या वेळानं — "तू रडतेस म्हणून मला हसावं लागतं. जरा थांब, म्हणजे मलाही रडता येईल." थांबले. मग ते रडले.

१३ डिसेंबर

घरी आलो. आठवडाभर घर बंद. पिशव्या, उशी, कॅलेंडर, दाराच्या कडा — उंदरांनी काही सोडलं नाही. त्यांनाच विचारून आत शिरावं असं वाटलं.

१६ डिसेंबर

पत्र्याची कल्पना ह्यांची. "खांबावर उंदीर, घुशी चढू नयेत म्हणून आम्ही पत्रा गुंडाळायचो. नखं टिकत नाहीत." दवाखान्यातून आणलेल्या मलमाच्या कागदावर चित्र काढून दिलं. पत्रेवाल्यानं खाटेच्या चारी पायांना उलटी नरसाळी बसवून दिली. खाट भिंतीपासून हातभर लांब ओढली. चादर खाली लोंबू द्यायची नाही, असा हुकूम.

खाट अरुंद. ह्यांच्या पायाला धक्का लागायला नको. मी खाली गादी घालते.

२१ डिसेंबर

पाच दिवस. नऊच्या नऊ बोटं रोज मोजते, फटी बघते, भिंगानं. काही नाही! पट्टी कोरडी.

घरातले उंदीर गेले नाहीत. जाणार नाहीत, हे आता मनाला सांगून टाकलंय. भोकं बुजवणं थांबवलं. फक्त ही खाट राखायची. सहा फूट बाय अडीच फूट. एवढं जमलं तरी खूप झालं.

२७ डिसेंबर

टाके निघाले. डॉक्टरीणबाईंनी नरसाळ्यांचं चित्र मागून घेतलं, दुसऱ्या पेशंटला दाखवायला म्हणून. हे असे काही फुगलेत! काकूंना दोनदा सांगून झालं.

काकू म्हणाल्या, "तुझ्या तोंडावर जरा रंग आला गं." खरं असेल. कुणास ठाऊक. घरात पाऊल टाकलं की मी अजून कान टवकारते. खुडबुड ऐकली की म्हणते, असू दे, वर तर येत नाहीत.

३ जानेवारी

सकाळी ह्यांचे पाय बघितले. ठीक. डबा करून वेळेवर शाळेत पोचले.

दहाच्या सुमाराला शिपाईमावशी फडकं घेऊन आली आणि दारातच थबकली. ऑफिसच्या दारापासून माझ्या टेबलापर्यंत लाल ठिपके. मी म्हटलं, "अहो, कुठल्या तरी मुलाला लागलंय, बघा आधी." ती माझ्या पायाकडे बघत राहिली. "बाई, तुम्हालाच."

चप्पल काढली. डाव्या करंगळीचं टोक नाही.

दुखत नव्हतं. आत्ता हे लिहिताना बोटानं दाबून बघितलं. अजून दुखत नाही.