कांजिण्यांचा कागद

लखनौ, शनिवार

ती. लतिकाआत्यास निरंजनचा साष्टांग नमस्कार.

ताजी बातमी आधी सांगतो. देविकाचं स्कॉटलंडच्या हॉस्पिटलात चार आठवडे शिकायला जाणं नव्वद टक्के पक्कं झालं. कॉलेजच्या ऑफिसातल्या सक्सेनाजींनी काल तोंडातलं पान थुंकून (म्हणजे बातमी गंभीर) तिला दुजोरा दिला. उरलेल्या दहा टक्क्यांत मी आहे : प्रतीक्षा यादी, क्रमांक एक. तुझा गुडघा कसा आहे? वाईत थंडी पडली असेल तर पट्टा बांधत जा. इकडे सगळे मजेत, मी सोडून.

तू म्हणशील, सख्ख्या जुळ्या बहिणीचा कसला हेवा? आत्या, हेवा करायला जुळ्या बहिणीइतकं सोयीचं माणूस नाही. वर्ग एक, कॉलेज एक, डबासुद्धा एक, आणि निवडीत ती सव्वादोन मार्कांनी पुढे. (अकरा मिनिटांनी मोठा मी आहे. त्याचे मार्क कुणी देत नाही.)

घरात सध्या तयारी चालते. तिकडे म्हणे पेशंटला आधी आपलं नाव सांगायचं, परवानगी मागायची, हात धुवायचे, मग तपासायचं. आमच्या ओपीडीत "अम्मा, मुँह खोलिए" म्हणेपर्यंत पुढच्या अम्मा स्टुलावर बसलेल्या असतात. म्हणून सराव, आणि सरावाला पेशंट अर्थातच मी. रोज संध्याकाळी दिवाणावर आडवा पडून मी पोटात दुखतंय म्हणतो आणि ती इतक्या नम्रपणे परवानगी मागते की खरंच दुखायला लागतं. तिला आता सवयच जडली आहे. परवा आमच्या वृंदावन योजना कॉलनीच्या गेटवर तिने भाजीवाल्याला विचारलं, "भैया, क्या मैं आपकी लौकी छूकर देख सकती हूँ?" तो म्हणाला, "छुओ बिटिया, दबाओ भी, बस नाखून मत गड़ाना."

मग कागद. तिकडच्या हॉस्पिटलाला पाहुण्या विद्यार्थ्याकडून कुठला आजार येईल याची फार धास्ती. क्षयाच्या चाचणीसाठी हातावर बारीक इंजेक्शन देतात, दोन दिवसांनी तिथली सूज मोजतात, आणि तोवर त्यावर काही लावायचं नसतं. आई हळद-तूप कालवलेली वाटी घेऊन देविकाच्या खोलीकडे निघाली तेव्हा मी, डॉक्टर होत आलेला मुलगा, समोरच बसलो होतो. मी पेपर वाचत राहिलो. (पेपर कालचा होता.) देविका झोपेत होती, तिला कळलंच नाही. मोजायच्या वेळी सिस्टर ओरडली, "अरे, ये हल्दी की रस्म किसने कर दी?" मग तिने स्पिरिटने घासून मोजपट्टी लावली. सहा मिलिमीटर. पास. हळद गुणकारी म्हणतात, मला तर काही गुण आला नाही.

आता अडलंय कांजिण्यांवर. त्या देविकाला पूर्वी होऊन गेल्या की नाही हे रक्ताच्या तपासणीत धड कळेना. लशीचे दोन डोस घ्यायला वेळ नाही. राहता राहिला एकच उपाय, तुमच्या शरद डॉक्टरांचं पत्र. आठवतं ना? आम्ही आठ वर्षांचे, उन्हाळ्याची सुटी, तुझं घर. तिला कडुलिंबाच्या पाल्यावर निजवून तू दिवसभर गोष्टी सांगत होतीस आणि मला शेजारी धाडलं होतंस. मी लाल स्केचपेनने अंगभर ठिपके काढून परत आलो, तेव्हा शरद डॉक्टर म्हणाले, "याला औषध साबण." आत्या, तो आजार अजून आहे. स्केचपेन तेवढा सुटला.

आई-बाबांचा नमस्कार. गुडघ्याला जप.

तुझा,
निरंजन

ता. क. : मागच्या रविवारी तू देविकाच्या मोबाईलवर फोन केलास, तो मी उचलला. डॉक्टरांची जुनी वही सापडलीय, पत्र लिहून घेऊ का, असं तू विचारलंस आणि मी म्हणालो, "नको आत्या, काम झालं." काम झालेलं नाही. पत्र हवंय. फोनवर हे सांगायला तोंड नाही, म्हणून स्पीड पोस्टाने कळवतोय. सक्सेनाजी परवा सोमवारी चार वाजता फाइल बंद करतात, आणि वाईला टपाल बुधवारी पोचेल असं पोस्टातल्या बाई म्हणतात. उशीर झालाच तर दोष पोस्टाचा.

आणखी एक ता. क. : हे पोस्टाच्या रांगेतून लिहितोय. देविकाने आत्ताच हजरतगंजमधून नव्या कोटाचा फोटो पाठवला. खाली लिहिलंय, "एक नंबर बड़ा लिया है। मेरा कैंसिल हुआ तो तू पहन लेना, वहाँ ठंड में मरेगा क्या?" आत्या, अशा बहिणीचा हेवा तरी धड कसा करायचा? पाकीट फोडलंय, सगळ्या पानांचे फोटो तुझ्या मोबाईलवर पाठवतोय. शरद डॉक्टरांना उद्याच गाठ. त्यांच्या पत्राचा फोटो देविकाच्याच नंबरवर पाठव, माझ्या नको. माझा भरवसा नाही. सोमवारी चारला फाइल बंद होईल, मग व्हिसा, आणि जानेवारीत अमौसी विमानतळावर तिच्या बॅगा मीच उचलेन. कोट तिला ढगळ होणार आहे. मला तेवढं पुरे.