पिवळी टिकली

उधवा, ता. तलासरी
शनिवार, १४ डिसेंबर २०२४

संगीताताई,

दिवाळीपासून तुला लिहायचं टाळतोय. दोनदा कागद घेतला. एकदा पेन चालतंय का बघता बघता होडी काढत बसलो, तिला शीड काढलं, जाळी काढली आणि कागद संपला. दुसऱ्यांदा 'ताई' लिहून उठलो. तुझ्या आश्रमशाळेत रेंज येत नाही, याचं मला बरंच वाटत होतं. आता शेजारचा मनिष टेम्पो घेऊन उद्या तुझ्याकडे मोखाड्याला चाललाय, त्याच्याकडे हे देतो. मिळालं की त्याच्याच टेम्पोत बस. का, ते पुढे येईल.

इकडे भात झोडून झाला. शेळीला दोन पिल्लं झाली, एकाच्या कपाळावर पांढरा ठिपका आहे. धाकटी डहाणू गावातल्या बोटीवरचं काम मी सोडलं, हे तुला कळलं असेलच. बोटीवरचा मुख्य, तांडेल म्हणाला, "तुझं ध्यान समुद्रात कमी आणि आभाळात जास्त." मग महिनाभर चिकूवाडीत फळं उतरवली. तेव्हा एक शिकलो. कच्च्या चिकूचा चीक बोटाला लागला की दोन दिवस जात नाही. कागदाला लावला तर गोंदासारखा धरतो.

हे उगाच लिहिलं नाही.

भाताची कापणी संपत आली तेव्हा इथल्या समाजमंदिरात डॉक्टरांची टीम आली. रुचिका मॅडम त्यांच्या मुख्य. साखरेच्या आजारात पायाची जखम भरत नाही, ती उजेडाने भरते का, यावर त्यांचा अभ्यास चाललाय. चिरायचं नाही, भाजायचं नाही. मशीनचं तोंड जखमेवर धरायचं, दहा मिनिटं, आठवड्यातून तीनदा. ड्रेसिंग आणि साखर कमी करायच्या गोळ्या सगळ्यांना सारख्याच. मला त्यांनी बोलायला ठेवलं, कारण म्हाताऱ्यांना मॅडमचं मराठी कळत नाही आणि मॅडमना त्यांचं. पहिल्या दिवशी मीच सगळ्यांना समजावलं, "अर्ध्यांना खरा उजेड, अर्ध्यांना नुसतं मशीन. कोणाला काय ते आपल्याला नाय माहीत, मॅडमलाही नाय. चालेल का?" सगळे म्हणाले, चालेल. अंगठे उठवले. आईनेही.

हो, आईच्या पायाला जखम आहे. उजव्या पायाला, अंगठ्याशेजारच्या बोटाखाली. काटा लागला असेल, तिला कळलंच नाही. तुला सांगू नको म्हणाली.

दोन मशीन आहेत. कार्डावर हिरवी टिकली असेल तर एक नंबर, पिवळी असेल तर दोन नंबर. मशीन चालू असताना सगळ्यांनी काळे चष्मे घालायचे, मीही. मॅडमनी मला तीनदा बजावलं, "लाहू, चष्मा काढायचा नाही." ताई, तू मला ओळखतेस. पहिल्याच आठवड्यात काढला. एक नंबरच्या तोंडातून लालबुंद उजेड येत होता, निखाऱ्यासारखा. दोन नंबरमध्ये काहीच नाही. काळोख. नुसता बीप बीप आवाज.

आईची टिकली पिवळी होती.

आणि पलीकडच्या पाड्यावरच्या रूपीकाकीची हिरवी. तिचीही जखम तेवढीच, टाचेला. काठी टेकत यायची. त्या दिवशी दुपारी सगळे चहाला गेले आणि मी दोघींच्या टिकल्या सोडवल्या, अदलाबदल करून चिकाने चिकटवल्या. दोन मिनिटांचं काम. घरी येऊन आईला सांगितलं, "तुला दिवा पेटणारं मशीन मिळवून दिलं." ती म्हणाली, "दिवा पेटतोय ना? मग झालं." आपल्याकडे भगत दुखणं बघायला बसला तरी आधी दिवाच लावतो. तिला शंका कशी येणार? मला तरी कुठे आली? चार बायकांत सांगत सुटली, माझ्या लाहूने माझं चांगलं केलं.

रूपीकाकीचा विचार मी केला नाही असं नाही. केला आणि सोडून दिला.

चौथ्या आठवड्यात रूपीकाकीची टाच सुकायला लागली. मी म्हटलं, नशीब. आईची भरत नव्हती. मी म्हटलं, वेळ लागतो. मग मागच्या मंगळवारी तुला दाखवायला व्हिडिओ काढत होतो. रूपीकाकी बसलेली, मशीन टाचेपासून जरा वर धरलेलं. मोबाईलमध्ये बघतो तर त्या काळोख्या तोंडातून जांभळट पांढरा उजेड. मोबाईल खाली केला, काही नाही. वर केला, उजेड. मला वाटलं मोबाईल बिघडला. मनिषच्या घरी टीव्हीचा रिमोट मोबाईलसमोर धरून दाबला. त्याच्या टोकालाही तसाच उजेड, आणि डोळ्याला काही दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडमना सहज विचारल्यासारखं विचारलं, "खरा उजेड कसा असतो हो?"

"या अभ्यासातला डोळ्यांना दिसतच नाही," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघत राहिल्या. "का रे? चष्मा काढला होतास?"

"नाय मॅडम."

आता आईच्या जखमेची कड निळी-काळी पडलीये. वास येतो. ती पाय पातळाखाली झाकून बसते आणि मला विचारते, "जेवलास का?" काल मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "कोणाला कुठलं मशीन, त्याची यादी बंद पाकिटात आहे. तुझ्या आईसाठी, बायजीसाठी, सोमवारी ते उघडते. खोट्यावर असतील तर नवीन औषध सुरू करून, खरा उजेड देऊन आठवडाभर बघू. खऱ्यावर असून ही हालत असेल, तर आणखी थांबण्यात अर्थ नाही. सिल्वासाला सर्जनकडे पाठवते. बोट काढावं लागेल, कदाचित जास्तही."

यादीत काय लिहिलंय ते तुला आता माहीत आहे. बायजी, पिवळी. म्हणजे खरा उजेड. आणि मी तिला सात आठवडे लाल दिव्याच्या खोट्या मशीनवर बसवलं.

मी सांगितलं तर? इतक्या लोकांनी पाय पुढे केले, त्यांचा सगळा अभ्यास माझ्यामुळे नासेल. पाड्यात तोंड दाखवता येणार नाही. रूपीकाकीला काय सांगू, की तुझं मी आईसाठी चोरलं होतं, ते उलटंच निघालं?

एक गोष्ट अजून लिहिली नाही. खुंटीला माझी पिशवी आहे, भरलेली. वरोरचा प्रविण म्हणतो, वेरावळच्या बोटीवर माणूस हवाय, उद्या डहाणू रोडवरून गाडी. मी ठरवलं होतं, पत्र मनिषकडे द्यायचं आणि निघायचं. तू येशील, मॅडमना तू सांगशील. तुला चांगलं बोलता येतं. म्हणून तर एवढं सविस्तर लिहिलं, तुला नीट

थांब, अंगणात कोणी तरी आलंय.

ताई, रूपीकाकी आहे. ती कधी आपल्या दारात येत नाही, मध्ये ओढा आहे. ओढा उतरून चालत आली. हातात काठी नाही. आई ओटीवरून विचारते, "कठं गं निघालीस, नाचत नाचत?" आणि काकी हसते. म्हणते, "लाहूकडं आलीय. माझी टिकली पडली बाय. मॅडम ओरडंल. त्याला सांग, तसलीच घट्ट चिकटवून दे." मला इथून दिसतंय, तळहातावर ती पिवळी टिकली आहे, मागे वाळलेल्या चिकाचा पापुद्रा.

आई हाक मारतेय. "लाहू, बाहेर ये रे, काकीचं काम कर."

मी चिकटवणार नाही, ताई. ती टिकली घेऊन आत्ता समाजमंदिरात जातोय, मॅडम पाचपर्यंत असतात. त्याआधी या दोघींना सांगायचंय, इथेच, ओटीवर. आई माझ्याकडे कशी बघेल, ते मला आत्ताच दिसतंय.

तरीही तू ये. पिशवी रिकामी करायला वेळ नाही, ती खुंटीलाच राहू दे.

अजून घरातच असलेला,
लाहू