काळ्या मोटारीत गाणे होते की नव्हते

नारायणगाव, ४ मार्च

शरदने आज शेडमधले टोमॅटोचे क्रेट बाहेर काढले. त्यांच्यामागून वडिलांची काळी मोटार निघाली. चारही चाके बसलेली, मागच्या सीटवर अंड्यांवर बसलेली खुडूक कोंबडी. चिरंजीवांचा बेत असा: पुढच्या महिन्यात आमच्या लग्नाला पन्नास वर्षे होतात, त्या दिवशी सौ.ला याच मोटारीतून माहेरी, अवसरी खुर्दला, न्यायचे. याच मोटारीतून मी तिला पाहायला गेलो होतो, म्हणून. मी म्हणालो, मोटारीची आणि माझी अवस्था सारखीच आहे, एका वर्षी दोघांची दुरुस्ती नको. शरद हसला. हसणे हे उत्तर नव्हे.

मेकॅनिक येऊन पाहून गेला. म्हणाला, "काका, आधी कोंबडी उठू द्या, मग इंजिन बघू." कार्यकारणभाव दिसला नाही. क्रम मान्य केला.

७ मार्च

इंजिन उतरवले. कोंबडी सीटसकट ओसरीवर.

मेकॅनिकला चहा देताना सौ.ने ती कथा पुन्हा सांगितली. प्रत्येक लग्नात, बारशात सांगते, म्हणून शब्द मला पाठ आहेत. "मला कुणी दाखवायच्या आधी मीच बघून घेतलं. मी विहिरीवर व्हते. ह्यांची गाडी आली, अन् गाडीत गाणं चालू व्हतं. म्हटलं, गाण्याचा नाद हाय म्हंजी माणूस कोरडा न्हाई. तशीच घरात गेले अन् आईला सांगितलं, माझं हो हाय."

मेकॅनिकने माझ्याकडे पाहिले. ओलावा तपासावा तसे.

शरदने लगेच ठरवले: मोटारीत स्पीकर बसवायचा आणि अवसरीत शिरताना तेच गाणे लावायचे. कोणते गाणे, हे त्याच्या आईला पक्के ठाऊक आहे. मलाही. त्या वर्षी ते सगळीकडे वाजत होते.

९ मार्च

त्या गाण्याविषयी, एकदाचे.

नायक वाऱ्याला निरोप घेऊन नायिकेकडे पाठवतो. वाऱ्याला पत्ता देत नाही. दुसऱ्या कडव्यात उत्तर आले नाही म्हणून वाऱ्यालाच दोष देतो. तिसऱ्यात, तिच्यावाचून आपण क्षणभरही जगू शकत नाही असे सांगतो आणि चौथे कडवे म्हणायला जिवंत राहतो. इतका स्वतःच स्वतःला खोडून काढणारा मनुष्य मी पुढे कॉलेजात तीस बॅचेसना तर्कशास्त्र शिकवतानाही पाहिला नाही.

तेव्हा मी जुन्नरला शास्त्रीबोवांकडे न्यायशास्त्र शिकत होतो. शनिवारी घरी येताना नारायणगावच्या स्टँडवर हॉटेलात चहा घ्यायचा, तिथे रेडिओ. मालक ते गाणे लागले की आवाज वाढवी. मी संपेपर्यंत बसत असे. ज्या मताचे खंडन करायचे ते आधी संपूर्ण ऐकून घ्यावे, असा दंडक आहे. खंडनासाठी गाणे पाठही करावे लागले. चालीसह. चाल वेगळी काढता येत नव्हती.

१४ मार्च

मोटार जोडली. स्टिअरिंगजवळ बराच वेळ बसलो. गिअरची तीच पांढरी गोल मूठ, तोच चोक. पाहायला गेलो त्या दिवशी अवसरीच्या वेशीवर रेडिएटर उकळला होता. वडील आणि मामा, "मुलीकडचे खोळंबतील," म्हणून पायी पुढे गेले. मी इंजिन निववून मागून एकटा मोटार घेऊन गेलो. धोतराला हात पुसल्याचे आठवते.

समोर पाहिले आणि थबकलो.

रेडिओची जागाच नाही. डॅशबोर्डचा पत्रा सलग, एकही भोक नाही. बॉनेटवर एरियलची खूण नाही. वडिलांचे मत आठवले: रेडिओ लावला की पेट्रोल जास्त जाते. त्यांनी कधी बसवला नाही. टेपरेकॉर्डर तर आमच्या घरी शरदच्या जन्माच्या वर्षी आला.

प्रतिज्ञा: मोटारीत गाणे नव्हते.
हेतू: रेडिओ नव्हता म्हणून.
उदाहरण: जेथे रेडिओ नाही तेथे गाणे नाही, जसे, आपली बैलगाडी.
उपनय: ही मोटारही तशीच.
निगमन: म्हणून गाणे नव्हते.

अनुमानाचे पाचही अवयव शाबूत. फार दिवसांनी इतके स्वच्छ काही हाती लागले.

१५ मार्च

जेवताना वाचून दाखवले. बैलगाडीपाशी शरदला ठसका लागला.

सौ.ने पळी भातात उभी केली. "म्हंजी मी खोटं बोलते?"

मी: खोटे नव्हे, भ्रम. भ्रमात वक्त्याचा दोष नसतो.

"मग मी हो म्हटलं ते कशाला बघून?"

मी म्हणालो, तुझा होकार अबाधित आहे. फक्त तो निराधार आहे.

हे वाक्य बोलताना निर्दोष वाटले होते. आता लिहिल्यावरही त्यात व्याकरणाची चूक सापडत नाही. तरी मठ्ठा वाढला गेला नाही.

१७ मार्च

सौ. बोलते, पण एकेक शब्द. "चहा." "घ्या." "दूध."

शरद म्हणाला, "नाना, केस जिंकलात. आता घर कोण चालवणार?"

दुपारी तिने त्याच्याकरवी निर्णय कळवला. मी शेजारीच बसलो होतो. "सांग तुझ्या वडलांना. जिच्यात गाणं न्हवतं त्या गाडीत मी बसायची न्हाई. त्या दिवशी मी एस्टीनं जाईन. एस्टीत तरी कंडक्टर गुणगुणतो."

२० मार्च

एस्टीने आजच गेली. भावाकडे, अवसरीला. "कामं हायती," एवढेच. पिशवीत चार लुगडी दिसली. चार लुगड्यांइतकी कामे कोणती?

पिल्ले निघाली. मेकॅनिक म्हणाला, गाडी आता फर्स्ट क्लास.

२२ मार्च

आमटी शरदने केली. त्याविषयी मत देण्याची आज माझी स्थिती नाही.

मोटार चालते. सौ. नाही. म्हणजे समारंभ नाही. शरदने पाहुण्यांना कळवायचे थांबवले आहे. मी त्याला म्हणालो, पन्नास वर्षे चुकीच्या कारणावर बरोबर चालली, यात नाराज होण्यासारखे काय आहे? तो म्हणाला, "नाना, हे तिला म्हणू नका फक्त."

रात्री वाटले, सौ. त्या कारणावरच चालत असेल. मोटार पेट्रोलवर चालते तशी. मी टाकीच रिकामी असल्याचे सिद्ध केले.

उपमा आहे, प्रमाण नव्हे. तरी खोडता आली नाही.

२५ मार्च

दुसरी बाजू नीट तपासली नाही, हे कबूल करणे भाग आहे. गाणे मोटारीबाहेरून आले असेल. जवळपास लग्नाचा मांडव, एखादा लाउडस्पीकरचा कर्णा. तसे असेल तर सौ.ने गाणे ऐकले हे खरे, मोटारीतून ऐकले एवढेच चूक. तिचा होकार अर्धा तरी वाचतो. साक्षीदार हवा. तिचा भाऊ आत्माराम तेव्हा शाळकरी होता. मोटार दिसली की मागे पळणारा.

२८ मार्च

जीपने मंचर, तिथून अवसरी. जीपवाल्याने गाणी लावली होती. दोन प्रेमिक, दोघांनाही एकमेकांचे ऐकून घ्यायचे नाही. एकाच वेळी गातात. पुढे एक ट्रॅक्टर होता, तोही वाजवत होता.

आत्माराम ओट्यावर. इंजिनिअरिंग कॉलेजची चार मुले त्याने वर भाडेकरू म्हणून ठेवली आहेत, त्यामुळे अंगणात आठ चपला आणि एक गिटार. सौ. आत पाखडत बसलेली. मला पाहून सूप हलायचे थांबले, मग जोरात सुरू झाले.

"या दाजी. आक्का बोलली, तुमी गाडीवर केस केली."

मी सरळ विचारले. त्या दिवशी जवळ कुठे कर्णा होता का?

"कुटला कर्णा? सुतकाचा आठवडा व्हता शेजारच्या आळीत, कर्णा कोण लावतंय?"

मग गाणे?

"गाणं व्हतं की! गाडीतच. मी विहिरीपासनं मागं पळालो ना. पण दाजी, राग मानू नगा, लई बेसूर. चढावर तर पार बसायचं, मग एकदम वर जायचं. मी आक्काला म्हटलं पण तवा, पावण्यांच्या रेडिओचा सेल उतरलाय."

आतले सूप पुन्हा थांबले. सौ. पदर तोंडाला लावून बसली होती. धूळ असावी असे समजलो.

जेवून निघालो. सौ. तिथेच राहिली.

२९ मार्च

परिशेष अनुमान. शक्य ते सर्व मांडायचे, एकेक वगळायचे, उरेल ते स्वीकारायचे. विद्यार्थ्यांना हे अतिशय आवडे.

गाणे होते: दोन साक्षी, एकमेकींना पूरक.
मोटारीतच होते: आत्माराम मागे पळत होता.
रेडिओ नव्हता: पत्रा सलग.
कर्णा नव्हता: सुतक.
वडील, मामा: पुढे पायी.
कोंबडी: तेव्हा नव्हती.

उरले

पुन्हा तपासले. मोटारीत एकच इसम होता. त्याला ते गाणे चालीसह पाठ होते.

मी गात नाही. हे सर्वांना माहीत आहे. आरतीलाही फक्त टाळ्या. शाळेत गुरुजींनी प्रार्थनेच्या वेळी, "तू ओठ हलव," असे सांगितले होते, ते मी आजवर पाळत आलो. किंवा पाळत आलो असे मला

उपाय नाही. पाच अवयवांतले उदाहरणच चुकले. बैलगाडीतही आमचा गडी गातच असे.

१ एप्रिल

तारीख पाहून एक दिवस थांबणार होतो. थांबलो नाही. सौ.ला फोन.

मी: गाडीत रेडिओ होता, असे तू म्हणाली होतीस का?

"मी रेडिओ म्हटलं कवा? मी म्हटलं, गाणं चालू व्हतं."

मी: 'चालू होतं' याचा अर्थ कोणीही रेडिओ असाच घेईल.

"तुमी घेतला. कोणीही कशाला सांगता?"

बरोबर. प्रतिपक्षाच्या शब्दाला त्याच्या मनात नसलेला अर्थ चिकटवून त्याचे खंडन करणे. याला छल म्हणतात. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी यासाठी शून्य देत असे.

मी: तुला पहिल्यापासून माहीत होते?

"मानेच्या शिरा फुगवून गात व्हता. काच खाली. मी धा हातांवर उभी."

मी: मग पन्नास वर्षांत मला सांगितले का नाहीस?

"सांगितलं असतं तर तुमी गात न्हाई हे त्याच दिशी सिद्ध केलं असतं. मग मला काय राहिलं असतं?"

वही उघडून १५ मार्चची नोंद पुन्हा वाचली. फोनचे पैसे आता लागत नाहीत, ही सोय.

मी: बेसूर होते, असे आत्माराम म्हणतो.

"व्हतंच. सुरात गाणारा कुणी बी मिळाला असता."

मग मुद्द्यावर आलो. मोटार तयार आहे. त्या दिवशी बसशील का?

"बसन. पण गाणं पायजे."

मी: शरदने स्पीकर आणला आहे.

"स्पीकरला मी हो म्हटलं न्हवतं."

फोन ठेवला. तिने. मी धरून बसलो होतो.

३ एप्रिल

सौ. परत. लुगडी चार. आल्याआल्या शरदला: "तो स्पीकर काढ." त्याने मोठ्या कष्टाने, पत्र्याला भोक न पाडता, बसवला होता. का काढायचा हे तिने सांगितले नाही. मीही नाही. पाहुण्यांना निरोप पुन्हा गेले.

९ एप्रिल

शेडचे दार लावून मोटारीत बसलो. शब्द सर्व आठवतात. पहिली ओळ म्हटली. पिल्ले क्रेटखाली गेली.

बाहेरून मेकॅनिक: "काका, गाडी चालू करू नका! फॅनबेल्ट ओरडतोय."

१२ एप्रिल

प्रस्ताव मांडला: गाणे गाण्याऐवजी मी त्यातील विसंगतींवर थोडे बोलीन, तिला पूर्वी आवडत असे. सौ. म्हणाली, "आवडत न्हवतं. ऐकत व्हते."

नोंद घेतली.

२६ एप्रिल

मोटारीत बसून लिहितो आहे, अक्षर वाईट. अवसरीची वेस. रेडिएटर उकळला. शरद अर्थातच हादरला. आम्ही दोघे नाही. सौ.ने त्याला सांगितले, "तू पुढं हो, मंडळी खोळंबली असतील. हे आणतील गाडी." तो माझ्या वयाविषयी काही बोलू लागला. तिने नुसते पाहिले. गेला.

इंजिन निवले आहे. पाणी भरले. हात धोतराला पुसले. पुढे विहीर, मग चढ. विहिरीवर आता लोखंडी जाळी आणि मोटारपंप. ओट्यावर पाहुणे असतील, आत्मारामची ती चार मुले असतील, गिटार असेल. मी स्वतःला विचारतो आहे की न मागितलेला पुरावा देण्यास मनुष्य बांधील असतो का. मागितलेला आहे.

सौ. शेजारी. हिरवे लुगडे. आपल्या बाजूची काच तिने खाली केली. मग माझ्यासमोरून हात घालून माझीही.

वारा आहे. पत्ता त्याला आज तरी ठाऊक असावा.

"लिहून झालं का?" सौ. विचारते आहे.

लिहून झाले आहे.