आक्काच्या हातातली आठळ

रत्नागिरी, १२ मे १९८६, संध्याकाळ

प्रेशर काही उतरत नव्हतं. मीठ सोडलं, सुका बांगडासुद्धा सोडला, तरी नाही. कारण सापडलं ते माझ्या थोरल्या बहिणीला, फणसाच्या आठळा सोलताना.

आक्का वेळणेश्वरहून चार दिवसांसाठी आली आहे. रोज दुपारी मी पडवीत उताणा घोरतो आणि ती शेजारी आठळा सोलत बसते. आज दवाखान्यात सरळ म्हणाली, "डॉक्टर, ह्याचं घोरणं थांबतं ना, तेव्हा श्वासच थांबतो. माझी अख्खी आठळ सोलून होते, तरी छाती हलत नाही."

डॉक्टर लिहायचे थांबले. झोपेत असं सारखं झालं की हृदयावर ताण येतो, प्रेशरही त्यानेच चढत असेल, म्हणाले. मुंबईच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली. तोवर कुशीवर झोपायचं.

आणि आम्ही? घोरणं थांबलं की बायको म्हणायची, आता कसे शांत झोपले. मलाही ते खरंच वाटायचं. मास्तर म्हणे मी.

आक्काने माझ्या बनियनला पाठीवर खिसा शिवून त्यात सुपारी घातली आहे. उताणा झालो की टोचेल.

मघाशी तिला विचारलं, ती आठळ सोलून झाल्यावर काय करायचीस?

"काय करणार? तुझा श्वास येईस्तोवर दुसरी हातात घेववत नव्हती रे."