सांगितलेली सवाष्ण

मंगळवार, २२ जुलै
स्वामींच्या कृपेने नोकरी लागली! विक्रोळीतच, चालत जाता येतं, रिक्षा वाचली. हिशेबाच्या वहीची मागची पानं कोरी होती, तिथेच लिहिते. बंद कारखान्याच्या शेडमध्ये लोकांनी दिलेल्या जुन्या वस्तूंचं संग्रहालय आहे. चाळीतली एक खोली जशीच्या तशी मांडलीय: पाटा-वरवंटा, पितळेचे डबे, पाटावर बसलेला हिरव्या लुगड्यातला पुतळा. लुगडं खरं आहे, त्या चाळीत राहिलेल्या राधाबाईंचं. त्यांच्या मुलानेच आणून दिलं. आई अहेवपणी गेली म्हणाला. शाळांची मुलं आली की त्यांना मी माहिती सांगायची. मॅट्रिक बाईचं कोण ऐकणार? पण मुख्य श्वेता मॅडम म्हणाल्या, ताई, आमच्या पाट्या कोणी वाचत नाही, तुम्ही बोला.

गुरुवार, ३१ जुलै
मुलं नुसत्या जांभया देतात. मग मीच सुचवलं, उद्या श्रावणी शुक्रवार, तर मुलांना सवाष्ण सांगायला शिकवू. आदल्या दिवशी हळदकुंकू लावून, हातावर अक्षता ठेवून जेवायला बोलवायचं. पुतळ्यालाच. आज माझ्या श्रुतिकाचा चौथीचा वर्ग आला होता. अक्षता तिनेच दिल्या. उद्या जेवायला या हं काकू, म्हणाली. मागून कोणीतरी ओरडलं, काकू डाएटवर आहेत! मॅडम खूश. झकास, ताई!

शुक्रवार, १ ऑगस्ट
पुतळ्यापुढे ताट मांडलं. मॅडम म्हणाल्या होत्या, पोळ्या खऱ्या आणा, खर्च देऊ. मीच म्हटलं, पुतळा काय खाणार, डाळ-तूप कशाला वाया? प्लास्टरच्या रंगवलेल्या पोळ्या ठेवल्या. आजच्या मुलांनी त्या वाढल्या, सावकाश होऊ दे म्हणाली, हसली. घरी जिवतीची आरती करताना मन लागेना. सांगितलेली सवाष्ण उपाशी उठवू नये म्हणतात.

रविवार, ३ ऑगस्ट
श्रुतिका जेवत नाही. घास तोंडात जातो आणि थुंकते. ताटात पांढरा चुरा पडला होता. मी चाटून पाहिला. प्लास्टर. डॉक्टरांना काही सापडत नाही. ती म्हणते, आई, आधी त्या काकूंना वाढ ना. कुठल्या काकू, विचारलं नाही मी.

बुधवार, ६ ऑगस्ट
हे म्हणतात, नखरे आहेत, चॉकलेट दे, बघ कशी खाते. तेही थुंकलं. मनगटं काडीसारखी झालीत. डाळ वाचवली मी, आणि भरते आहे माझी पोर.

शुक्रवार, ८ ऑगस्ट
खरं पुरण नेलं. पुतळ्यापुढे वाढलं, नाक घासलं. राधाबाई, चुकले, पोरीला सोडा. मागे टाळ्या वाजल्या! लोक मोबाईल धरून उभे. मॅडम कानाशी म्हणाल्या, काय अभिनय, ताई, दर शुक्रवारी ठेवू. ताटाला मुंगीसुद्धा लागली नाही. तमाशात कोण जेवेल?

मंगळवार, १२ ऑगस्ट
सलाईन लावून आणली. उठत नाही. सकाळी कोणी यायच्या आत संग्रहालयात गेले. पुतळ्याच्या हातावर अक्षता दिल्या, उद्या माझ्या घरी या म्हटलं.
तळहात गरम होता.

बुधवार, १३ ऑगस्ट
पुरण झालं. पाट मांडलाय. दार उघडं ठेवलंय.

दुपार
आल्या. डांबरगोळ्यांचा वास. मी मान वर केली नाही, वाढत राहिले. पोळी, तूप, पुन्हा पोळी— ताट लख्ख. आणि आतून श्रुतिकाने भात मागितला! खाल्ला! देवा—

ओटी भरली. पाया पडले. आता निघतील—

निघाल्या नाहीत. श्रुतिकाच्या उशाशी बसल्यात. तिला कुंकू लावतायत. तिच्या हातावर अक्षता—
म्हणतात, पोटभर जेवले बाई, आता तुझी कुमारिका माझ्याकडे जेवायला—

अक्षता पुसते मी, निघत नाहीत— हो म्हणू नकोस गं— मान हलवली तिने, हसली— चपला घालते— मी कडी लावली, कडी—